तुम्ही तिथे कोण म्हणून होतात?

पाऊस आला म्हणून अमीरपेट मेट्रो स्थानकाखाली आडोशाला थांबलेल्या एका तरुणीच्या डोक्यावर वरच्या बांधकामाचा तुकडा निखळून पडला आणि ती दगावली. तारीख २२ सप्टेंबर २०१९. बांधकाम जुने म्हणावे तर हैदराबादची मेट्रो सुरू होऊन तेव्हा दोन वर्षेही झाली नव्हती. हळहळ झाली, चौकशी झाली, आरोप-प्रत्यारोप झाले. पण अशा प्रकरणात नुकसानभरपाईचा विचार करणारा वकील पहिला प्रश्न काँक्रीटबद्दल विचारत नाही. तो विचारतो : ती तिथे कोण म्हणून उभी होती? तिकीट काढलेली प्रवासी म्हणून, की रस्त्याने जाणारी कुणी एक म्हणून?

जागा धोकादायक होती, त्यामुळे माणूस जायबंदी झाला किंवा मेला, तर भरपाई कोणाकडे, कुठे आणि किती मागायची याचे आपल्या देशात एक उत्तर नाही. हैदराबाद-सिकंदराबादमधल्या अलीकडच्या दुर्घटना शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या की लक्षात येते, उत्तर ठरते ते जागेच्या दोषावरून कमी आणि जखमी माणसाच्या जागेशी असलेल्या नात्यावरून जास्त. गिऱ्हाईक, कामगार, भाडेकरू, पाहुणा, वाटसरू, प्रत्येकाला दार वेगळे. काहींना दोन-तीन दारे आहेत, काहींना एकही धड नाही. माझ्या मते या कायद्यातली मूळ खोट हीच.

तुलनेला वाहन अपघात घ्या. सिटी बसने उडवले तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरण आहे, समोर विमा कंपनी आहे, वय आणि उत्पन्न घालून गुणकाने रक्कम काढायची रीत सर्वोच्च न्यायालयाने २००९ आणि २०१७ च्या निकालांनी बसवून दिली आहे. चालत्या गाडीतून पडलात तर रेल्वे दावा न्यायाधिकरणाचे पीठ सिकंदराबादेतच आहे. मृत्यूला ८ लाख, तेही रेल्वेची चूक सिद्ध न करता. पण बसथांब्याचे छप्पर अंगावर कोसळले, तर यातले काहीही नाही. मोडलेले हाड तेच, इस्पितळाचे बिल तेच.

याचे एक कारण असे की जागामालकाच्या जबाबदारीवर भारतात स्वतंत्र कायदा झालाच नाही. इंग्रज न्यायालयांनी एकोणिसाव्या शतकात पायरी लावून दिली होती. धंद्याच्या कामासाठी आलेल्याला सर्वांत जास्त संरक्षण, नुसत्या परवानगीने आलेल्याला त्याहून कमी, आगंतुकाला जवळपास शून्य. खुद्द इंग्लंडने १९५७ मध्ये कायदा करून यातल्या पहिल्या दोन पायऱ्या एक केल्या आणि १९८४ मध्ये आगंतुकालाही थोडे संरक्षण दिले. आपण ती जुनी तत्त्वे न्यायालयांच्या निकालांतून चालवत राहिलो.

ते निकाल वाईट आहेत असे मात्र नाही. दिल्लीच्या चांदणी चौकातला घड्याळाचा मनोरा १९५१ मध्ये कोसळून माणसे मेली. मनोरा सुमारे ८० वर्षांचा, चुना-मसाल्याची ताकद गेलेली, आणि कोणी कधी नीट तपासलेला नव्हता. १९६६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, रस्त्यालगतची इमारत पडते हीच गोष्ट निष्काळजीपणा दाखवायला पुरेशी आहे. दोष दिसत नव्हता ही सबब मालकाला चालणार नाही. त्याआधी १९६३ मध्ये बिहारच्या एका खटल्यात याच न्यायालयाने शेजाऱ्यांनी आपला संडास वापरू नये म्हणून वाटेत विजेची उघडी तार लावणाऱ्या माणसाची शिक्षा कायम ठेवली होती. मेलेली बाई विनापरवानगी आली होती खरी, पण आगंतुकासाठीही सापळा लावता येत नाही. इथवर सगळे ठीक. मग १९९७ साली राजकोटचा निकाल आला. रस्त्याकडेचे झाड अंगावर पडून एक माणूस मेला होता. झाड पडेल हे महापालिकेला आधी कळणे शक्य नव्हते, शहरातल्या प्रत्येक झाडाची तपासणी करत बसणे अपेक्षित नाही, म्हणून भरपाई नाही. मनोरा पडला तर मालक बांधील, झाड पडले तर नाही. पावसाळ्यात हैदराबादेत गुलमोहराच्या फांदीखाली गाडी लावणाऱ्याने हा फरक ध्यानात ठेवलेला बरा.

आता गिऱ्हाइकाचे दार. आज ते सर्वांत रुंद आहे. १२ सप्टेंबर २०२२ च्या रात्री सिकंदराबादेत रूबी नावाच्या हॉटेलच्या इमारतीत आग लागली. खाली विजेवर चालणाऱ्या स्कूटरांचे दुकान, वर राहण्याच्या खोल्या. धूर जिन्यातून वर चढला. ८ जण गेले. खोलीचे भाडे भरून राहिलेला माणूस ग्राहक असतो, आणि सुरक्षित जिना हा त्याने विकत घेतलेल्या सेवेचाच भाग आहे. ग्राहक आयोगापुढे वकिलाशिवाय उभे राहता येते, शुल्क मागितलेल्या भरपाईवर नाही तर सेवेसाठी दिलेल्या पैशांवर ठरते. १,५०० रुपयांच्या खोलीत जीव गेला म्हणून वारसांनी ५० लाख मागितले तरी तक्रार जिल्हा आयोगातच बसते. ‘गाडी मालकाच्या जबाबदारीवर’ अशा पाट्यांनाही फार घाबरायचे कारण नाही. हॉटेलच्या ताब्यात दिलेली मोटार चोरीला गेली त्या प्रकरणात, २०१९ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की अशी छापील वाक्ये हॉटेलला स्वतःच्या निष्काळजीपणातून सोडवू शकत नाहीत.

हैदराबादेत लग्न म्हटले की फंक्शन हॉल आला. पैसे भरतो वधूपिता, आणि मांडवाची कमान कोसळते ती जेवायला आलेल्या पाहुण्यावर. पाहुणा ग्राहक कसा? कायद्याने पैसे देणाऱ्याच्या संमतीने सेवेचा लाभ घेणाराही ग्राहक मानला आहे, त्यामुळे पाहुण्याला वाट आहे. उलट उस्मानिया रुग्णालयाचे बघा. मुसीकाठची ती जुनी देखणी वास्तू जुलै २०२० मध्ये वॉर्डांत पाणी भरल्यावर रिकामी करावी लागली. तिथे समजा एखाद्या रुग्णावर गिलावा पडला असता, तर तो ग्राहक ठरला नसता. सर्वांना फुकट सेवा देणारे रुग्णालय ग्राहक कायद्याबाहेर आहे, हे १९९५ पासून ठरलेले आहे. पैसे मोजून खासगी इस्पितळात पडलात तर एक कायदा, पैसे नाहीत म्हणून सरकारी इस्पितळात गेलात तर दुसरा. यात न्याय कुठे आहे हे मला अजून कोणी समजावून सांगितलेले नाही.

४ डिसेंबर २०२४ ला आरटीसी क्रॉस रोड्सच्या संध्या थिएटरात ‘पुष्पा २’च्या आदल्या रात्रीच्या खेळाला चेंगराचेंगरी झाली. एक बाई मेली, तिचा लहान मुलगा गंभीर जखमी होऊन महिनोन्‌महिने रुग्णालयात राहिला. अभिनेता अल्लू अर्जुनची अटक आणि त्याच दिवशीचा अंतरिम जामीन यांत पडदे आणि वर्तमानपत्रे इतकी गुंतली की थिएटर ही एक जागा आहे आणि जागेचा ताबा असणाऱ्याचे काही कर्तव्य असते, हा साधा मुद्दा मागे पडला. आम्ही बंदोबस्त मागितला होता, असे थिएटर म्हणत होते. आम्ही परवानगी दिलीच नव्हती, असे पोलीस म्हणत होते. फौजदारी खटल्यात कोणाचे खरे हे महत्त्वाचे. दिवाणी नजरेने पाहिले तर बंदोबस्त मागणारे पत्र हाच गर्दीचा अंदाज होता याचा पुरावा. अंदाज होता तर दारे, जिने आणि माणसे त्या अंदाजाप्रमाणे का नव्हती, एवढाच प्रश्न उरतो. अभिनेता, निर्माते आणि दिग्दर्शक यांनी मिळून २ कोटींची मदत जाहीर केली. ती कुटुंबाच्या उपयोगी पडो. पण ती मदत होती, भरपाई नव्हती.

हा भेद हैदराबादेत फार पुसट झाला आहे. मार्च २०२२, भोईगुड्यातले भंगाराचे गोदाम, बिहारमधून आलेले ११ मजूर आगीत मेले. मार्च २०२३, सिकंदराबादचे स्वप्नलोक संकुल, ६ तरुण-तरुणी धुरात गुदमरून गेले. नोव्हेंबर २०२३, नामपल्लीचा बाजारघाट, खाली रसायनांची पिंपे आणि वर बिऱ्हाडे, ९ मृत्यू. १८ मे २०२५, चारमिनारजवळचा गुलजार हौज, तळमजल्यावर दागिन्यांची दुकाने आणि वर राहते कुटुंब; १७ मृत्यू, त्यांत ८ मुले. दर वेळी संध्याकाळ व्हायच्या आत राज्याचे ५ लाख जाहीर होतात. यांतल्या बहुतेक वेळी पंतप्रधान निधीतून आणखी २ लाख. दर वेळी गुन्हा नोंदवला जातो, नोटिसा निघतात, पंधरवडाभर तळघरांची तपासणी चालते. सानुग्रह मदत देऊच नये असे कोण म्हणेल? दुःखाच्या घरात पहिल्या दिवशी पोहोचणारे पैसे तेवढेच असतात. पण ते करदात्याचे पैसे. इमारतीच्या मालकाच्या खिशातून त्यात एक रुपयाही येत नाही, आणि चेक मिळाला की प्रकरण मिटले अशी समजूत कुटुंबाचीही होते. कायद्याने ती समजूत चुकीची आहे. सानुग्रह रक्कम घेतल्याने मालकाविरुद्धचा दावा संपत नाही.

वरच्या यादीत मेलेल्यांची नाती किती निरनिराळी! भोईगुड्याचे मजूर कामाच्याच जागी झोपले होते, म्हणून त्यांना कामगार भरपाईचा रस्ता. तो १९२३ च्या कायद्याचा. आता त्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता आहे. मे २०२४ मध्ये बाचुपल्लीत पावसाने भिंत कोसळून शेडमध्ये राहणारी ७ माणसे मेली. त्यांत एक मूल होते. मजुरांचे वारस कामगार कायद्याने जातील, मुलासाठी मात्र वेगळा विचार करावा लागतो. ते कोणाचे नोकर नव्हते. स्वप्नलोकमधले तरुण त्या संकुलातल्या एका कार्यालयात कामाला होते. त्यांचा मालक वेगळा, गाळ्याचा मालक वेगळा, जिना सगळ्यांचा. बाजारघाटचे भाडेकरू. भाड्याच्या घराची डागडुजी मालकाने करायचीच असे १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा म्हणत नाही. करारात असेल तर करायची. छुपा दोष मात्र सांगितला पाहिजे. खाली रसायने साठवली आहेत हा दोष छुपा की उघड, यावर वकील दोन्ही बाजूंनी दिवसभर बोलू शकतील. आणि गुलजार हौजमध्ये कुटुंब आपल्याच घरात होते. तिथे उरलेल्यांनी दावा लावायचा तर कोणावर?

अग्निशमन खात्याच्या ना-हरकत प्रमाणपत्राबद्दल इथे एक बोलायला हवे. तेलंगणात व्यापारी इमारतीला १५ मीटर आणि राहत्या इमारतीला १८ मीटर उंचीपुढे ते लागते. जुन्या शहरातली बहुतेक घरे या रेषेच्या खाली, त्यामुळे दुर्घटनेनंतर ‘आम्हाला ते लागतच नव्हते’ हे उत्तर हमखास ऐकू येते. लागत नसेल. पण प्रमाणपत्र लागत नाही म्हणजे काळजीही घ्यायची नाही, असा अर्थ कोणत्याही न्यायालयाने लावलेला नाही. एकुलता एक अरुंद जिना, त्याच्या तोंडाशी विजेचे मीटर, वाटेत खोकी. एवढे छायाचित्रात आले तर मोजपट्टीची गरज उरत नाही.

फेब्रुवारी आणि मार्च २०२५ मध्ये शहरात लिफ्टमध्ये अडकून दोन लहान मुले गेली. एक नातलगांकडे आले होते, दुसरे इमारतीच्या वॉचमनचे मूल. दोघांपैकी कोणीही ग्राहक नाही, कामगार नाही, भाडेकरूही नाही. तुलनेला महाराष्ट्र घ्या. तिथे लिफ्टचा कायदा १९३९ पासून आहे, २०१७ मध्ये तो नव्याने झाला, वर्षाकाठी तपासणी त्यात बांधलेली आहे. अशी नोंद असली की दाव्यात फार फरक पडतो, कारण तपासणी चुकली हे कागदावर दाखवता येते. नोंदच नसेल तर यंत्र कधी बिघडले, सोसायटीला ते केव्हा कळले, दुरुस्तीवाला कधी आला, हे सगळे मूल गमावलेल्या आईबापांनी शोधायचे.

सर्वांत उघड्यावर आहे तो वाटसरू. २९ एप्रिल २०२३ ला सिकंदराबादच्या कळासीगुड्यात पावसात दूध आणायला निघालेली १० वर्षांची मुलगी उघड्या नाल्यात पडून गेली. त्याआधी सप्टेंबर २०२० मध्ये नेरेडमेटला सायकलवरची मुलगी अशीच वाहून गेली होती. विजेच्या बाबतीत वाटसरूची बाजू त्या मानाने भक्कम आहे. रस्त्यावर तुटून पडलेल्या तारेने सायकलस्वार मेला त्या प्रकरणात, २००२ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने वीज मंडळाला चूक सिद्ध न करताच जबाबदार धरले. धोकादायक वस्तू बाळगणाऱ्याने तिचे परिणामही भोगावेत. नाल्याला हे तत्त्व लावायला न्यायालये कचरतात. मुंबई उच्च न्यायालयाने मात्र ऑक्टोबर २०२५ मध्ये खड्डे आणि उघड्या मॅनहोलसाठी दर ठरवून टाकला : मृत्यूला ६ लाख, इजेला ५० हजार ते अडीच लाख, ठरवणार महापालिका आयुक्त आणि विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव यांची समिती. रक्कम थोडी आहे. तरीही नागरिक कोण म्हणून पडला हे न विचारता पैसे देणारी व्यवस्था म्हणून मला ती या सगळ्या पसाऱ्यातली सर्वांत शहाणी गोष्ट वाटते. ती महाराष्ट्रापुरती आहे.

सरकार किंवा सरकारी संस्था समोर असेल तर उच्च न्यायालयात रिट याचिका हा दुसरा मोठा मार्ग. सरकारवर दावाच चालत नाही, ही जुनी ढाल मोडण्यात हैदराबादच्या उच्च न्यायालयाचा वाटा आहे. कर्नूल जिल्ह्यातल्या कोइलकुंटला उपकारागृहात १९७७ मध्ये कोठडीवर बॉम्ब टाकून एका कैद्याला मारले गेले. मुलांनी दावा लावला, उच्च न्यायालयाने १,४४,००० रुपये दिले आणि २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केले. २३ वर्षे लागली. याउलट बियासचे प्रकरण. ८ जून २०१४ ला हैदराबादच्या व्हीएनआर विज्ञान ज्योती अभियांत्रिकी महाविद्यालयाचे विद्यार्थी सहलीला गेले असता हिमाचलमधल्या लारजी धरणातून अचानक पाणी सोडले गेले आणि त्यांतले २४ जण वाहून गेले. हिमाचल उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. जानेवारी २०१६ मध्ये प्रत्येक कुटुंबाला व्याजासह २० लाखांचा आदेश झाला. वीज मंडळाने ६० टक्के, महाविद्यालयाने ३०, राज्याने १०. नदीकाठ महाविद्यालयाच्या मालकीचा नव्हता. पण मुलांना तिथे नेले त्यांनी, हे न्यायालयाने मोजले.

ही वाटणी दरवेळी अशी होत नाही. दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात १९९७ मध्ये ५९ जण गेले. २००३ मध्ये उच्च न्यायालयाने १५ आणि १८ लाख दिले. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते साडेसात आणि १० लाखांवर आणले, दंडात्मक भरपाई अडीच कोटींवरून २५ लाखांवर आली, आणि महापालिका व परवाना देणारे पोलीस दोघेही मोकळे सुटले. जबाबदारी राहिली चित्रपटगृहाची ८५ टक्के, वीज मंडळाची १५. मेरठच्या व्हिक्टोरिया पार्कमधल्या २००६ च्या आगीत मात्र २०२२ साली आयोजकांवर ६० आणि राज्यावर ४० टक्के टाकले गेले. त्या निकालातली खरी नोंद घेण्यासारखी गोष्ट वेगळीच : रक्कम मोटार अपघाताच्या हिशेबाने काढा, असे न्यायालयाने सांगितले. म्हणजे हिशेबाची वही आहे, ती इमारतींनाही लागू पडते. फक्त ती उघडायला १६ वर्षे लागू नयेत.

राहिला साधा दिवाणी दावा. पुराणी हवेलीतल्या सिटी सिव्हिल कोर्टात तो लावता येतो, पण कोर्ट फी मागितलेल्या रकमेच्या प्रमाणात भरावी लागते. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, कामगार यांना विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील आणि फी दोन्हींची मदत मिळू शकते; स्त्रियांना उत्पन्नाची अटही नाही. हे फार थोड्यांना ठाऊक असते. वेळेचे काय होते ते दिल्लीतल्या ओबेरॉय हॉटेलच्या तलावाने दाखवले आहे. १९७२ मध्ये लुफ्तान्साच्या एका सहवैमानिकाने तलावात सूर मारला, तळाला डोके आपटून तो लुळा झाला. १९८५ मध्ये तो वारला. १९९७ मध्ये ५० लाखांचा हुकूमनामा झाला, तोही गाजला. पंचतारांकित हॉटेलची जबाबदारी त्याच्या दरासारखीच चढी, हे त्यातले सूत्र कायद्याच्या वर्गांत अजून शिकवतात. शिकवताना पुढचे बहुधा सांगत नाहीत : २००२ मध्ये खंडपीठाने हुकूमनामा रद्द केला, कारण शरीराच्या इजेचा दावा माणसाबरोबरच संपतो.

मोटारीला त्रयस्थ पक्षाचा विमा सक्तीचा आहे, म्हणून मोटार अपघातात पैसे मिळतात. चालकाच्या खिशात ते असतात म्हणून नव्हे. १९९१ चा सार्वजनिक दायित्व विमा कायदा आहे, पण तो घातक रसायने हाताळणाऱ्यांपुरता, आणि मूळ अनुसूचीत मृत्यूला २५,००० रुपये. मॉल, लॉज, वसतिगृह, फंक्शन हॉल यांना असा विमा सरसकट सक्तीचा नाही. परवान्याच्या नूतनीकरणाला विम्याची एक पावती जोडायला लावणे हे महापालिकेच्या हातचे काम आहे. त्याने आग थांबणार नाही. पण विमा कंपनीचा सर्वेक्षक जिना बघायला येईल, आणि बंद जिन्याला जास्त हप्ता लावील. हप्त्याची भाषा मालकाला नोटिशीपेक्षा लवकर कळते.

नांदेड, देगलूर, उदगीरकडची माणसे दवाखान्याला, लग्नाच्या खरेदीला, मुलांच्या शिकवणीला हैदराबाद गाठतात आणि स्टेशनाजवळच्या लॉजवर उतरतात. त्यांच्या कामाची एक गोष्ट. तिथे जिन्यावरून, लिफ्टमुळे, सज्जा पडून इजा झाली तर दिवाणी दावा हैदराबादेतच लावावा लागेल, घटना तिथली आणि मालक तिथला. ग्राहक तक्रार मात्र २०१९ च्या कायद्याने तक्रारदार राहतो तिथे करता येते. नांदेडच्या जिल्हा आयोगात, मराठीत बोलून, लॉजवाल्याला तारखेला नांदेडला यायला लावून. त्यासाठी खोलीची पावती जपावी, इस्पितळात दाखल होतानाच इजा कुठे आणि कशी झाली हे केसपेपरवर लिहून घ्यावे, पोलिसांत नोंद करावी, सीसीटीव्हीचे चित्रण जपून ठेवा अशी लेखी मागणी त्याच आठवड्यात पाठवावी, कारण ते काही दिवसांत पुसले जाते. इमारतीचे भोगवटा प्रमाणपत्र आणि अग्निशमनाचे कागद माहिती अधिकारात नंतरही मिळतात. ग्राहक तक्रारीची मुदत दोन वर्षांची. जीवघेण्या अपघातांच्या १८५५ च्या कायद्याखाली वारसांनी लावायच्या दाव्यालाही दोनच वर्षे, आणि ती मृत्यूच्या तारखेपासून मोजतात. फौजदारी खटल्याचा निकाल लागू दे म्हणून थांबलेल्यांसाठी ती थांबत नाही.